अर्ध्या भाकरीची कहाणी

श्रावणातल्या रविवारी माझी गोळ्यांची डबी संध्याकाळपर्यंत उघडत नाही. सात खणांची निळी डबी आहे, ईरा-ओजस, तुमच्या बाबाने मागच्या खेपेला आणलेली. बहुतेक गोळ्या जेवणानंतरच्या, आणि जेवणच नाही तर गोळ्या कुठल्या? सोमवार ते शनिवार सगळं वेळच्या वेळी होतं. रविवारी मात्र मी अंघोळ करून, सूर्याला पाणी देऊन, हातात ज्वारीचे चार दाणे घेऊन बसते आणि तुमच्या उठण्याची वाट पाहते. टोरांटोत नऊ वाजतात तेव्हा इथे चिखलीत साडेसहा होतात. दिवस मावळायला आलेला असतो. तो मावळायच्या आत कहाणी सांगून व्हावी लागते, आणि कहाणी झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.

यंदा ही वाट पाहणं मला फार जड गेलं. दुपारी तीनच्या सुमाराला हातपाय गळून येतात. घर आवरलेलं असतं, पेपर वाचून घडी घातलेला असतो, आणि अंगणातलं ऊन भिंतीवरून सरकत नाही. वयाच्या मानाने मी ठीक आहे असं डॉक्टर म्हणतात. पण थकवा काही सगळाच शरीराचा नसतो. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं नीट करत राहिल्याचाही थकवा असतो, आणि ती नीट नव्हतीच, हे मनात ठेवून करत राहिल्याचा त्याहून मोठा.

आमच्याकडे भांड्यांना शोभा येते. ती उंद्रीची, म्हणजे माझ्या सासरच्या गावची, म्हणून मला हक्काने बोलते.

"काकू, काऊन उपाशी बसता वं? तुमचा देव काय टोरांटोत राह्यते?"

"देव इथेच आहे गं. ऐकणारी पोरं तिकडे आहेत."

"मंग मले सांगा. भांडे घासता घासता आयकतो मी."

"कहाणी समोर बसून ऐकायची असते. आणि तुला अजून तीन घरं आहेत."

"हाव, ते बी हाय," असं म्हणून ती हसते आणि पदराला हात पुसत निघून जाते.

ईरा, ओजस, तुम्हाला ही कहाणी ठाऊक आहे. दोन श्रावण तुम्ही ती माझ्याकडून फोनवर ऐकता आहात. एक गरीब बाई असते. रविवारी कुणाला तरी सूर्यनारायणाची कहाणी सांगितल्याशिवाय जेवायचं नाही, असा तिचा नेम असतो. ती गावभर फिरते. पाटलीणबाई ताक घुसळत असते, ती म्हणते मला वेळ नाही. विहिरीवरच्या बायका म्हणतात, आमचे हंडे भरायचेत. शेतात निंदणाऱ्या बायका म्हणतात, आमची पात, म्हणजे निंदायची ओळ, मागे पडेल. उन्हातान्हात फिरून ती बाई शेवटी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली बसते आणि उपाशीच राहते. मग वाटसरूच्या रूपात सूर्यनारायण येतो, कहाणी ऐकतो, तिच्या नेमावर प्रसन्न होतो आणि तिची कणगी धान्याने भरून टाकतो.

अशी मी सांगितली. आता जे लिहिते आहे, ते या कहाणीत मी काय केलं त्याबद्दल आहे.

ज्या श्रावणाची मला आठवण येते आहे, तो माझ्या लग्नानंतरचा दुसरा. मी खामगावची, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी. इंग्रजी घेऊन एम.ए. झाले म्हणून वडिलांच्या पायाला जमीन लागत नव्हती. लग्न होऊन उंद्रीला आले, आणि चिखलीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारच्या एसटीने परत यायचं. घरी तुमचे आजोबा, त्यांची शेती आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, आपल्याकडे तशीच रीत. त्या मला नावाने हाक मारत नसत. राग नसला तर 'सूनबाई', असला तर 'मास्तरीनबाई'.

त्या श्रावणातल्या उंद्रीचा वास मला अजून येतो. ओल्या तुराट्या चुलीत धुमसायच्या, त्याचा धूर पहाटे घरभर. शेणाने सारवलेल्या ओसरीवर मुगाच्या हिरव्या-काळ्या शेंगा पसरलेल्या. रात्री पाऊस येऊन गेला की काळी माती पायाला अशी चिकटायची, की शेतातून घरी येईपर्यंत प्रत्येकाची उंची दोन बोटं वाढलेली. दुपारचं ऊन मात्र चटका देणारं. ढग बाजूला झाला की ज्वारीच्या पानांवरून वाफ निघायची. अशा उन्हात बायका ओळीने बसून निंदायच्या, आणि त्यांचं बोलणं, हसणं, एकमेकींना टोमणे मारणं बांधापलीकडे ऐकू यायचं.

शाळेत मी मुलींना परदेशी गोष्टी शिकवत होते. एका गोष्टीत बर्फ पडायचा. मी फळ्यावर खूप समजावलं. गृहपाठात मुलींनी बर्फाचं चित्र काढून आणलं, तर तो जिनिंगच्या अंगणात पडलेल्या कापसासारखा. ढीग केलेला, बाजूला बैलगाडी उभी. मला तेव्हा हसू आलं होतं. मागच्या वर्षी ईराने आपल्या कहाणीचं चित्र पाठवलं. त्यात बाभळीऐवजी मेपल होतं आणि शेताला पांढरं लाकडी कुंपण. तेव्हा त्या मुलींची आठवण झाली. गोष्ट कुठूनही येवो, ऐकणारा तिला आपल्याच मातीत बसवतो. त्याच्याजवळ दुसरी माती नसते.

ही रविवारची कहाणी माझ्या माहेरीही होती. माझी आई सांगायची. पण तिच्या कहाणीतली बाई वाण्याच्या दुकानी जायची, सोनाराच्या पेढीवर जायची, आणि शेवटी देव तिला सात मजल्यांची हवेली द्यायचा. आम्ही खामगावात दोन खोल्यांत सात माणसं राहत होतो. हवेली आईलाच हवी होती, हे कळायला मला फार वर्षं लागली. उंद्रीच्या कहाणीत हवेली नव्हती. तिथे देव कणगी भरून द्यायचा. आत्याबाईंच्या सासूने दुष्काळ पाहिलेला. त्या घरात श्रीमंती म्हणजे कणगीत हात घातला तर तळ न लागणं.

आत्याबाई कहाणी सांगायच्या ती अशी. मी त्यांच्याच शब्दांत देते, जमेल तेवढी.

"...मंग ते बाई फिरू फिरू थकली. कोनी आयकेना. बाभईखाली बसली. नवऱ्याची भाकर फडक्यात बांधेल होती. पोटात आग पडेल. तिनं फडकं सोडलं, अर्धी भाकर खाल्ली. खाल्ली अन् रडाले लागली, का माहा नेम मोडला. तं तथीसा एक वाटसरू आला. तोंड लालबुंद, डोळे दिपावे असं. म्हने, बाई, काऊन रडते? म्हने, देवा, म्या खाल्लं, आता कोन्या तोंडानं गोष्ट सांगू? तं तो म्हने, सकाऊन उठून मी वरून उपाशी लोकच पाह्यतो. आज पोटात अन्न असलेल्या बाईची गोष्ट आयकू दे मले. अन् ते उरलेली अर्धी भाकर इकडे आन, मले बी भूक लागली."

मी विचारायचे, "आणि मग नवऱ्याने काय खाल्लं?"

"त्यानं घरी येऊन खाल्लं. त्याले पाय नव्हते काय?"

अशी ती कहाणी, आणि तशीच त्यांची रीत. रविवारी सकाळी आत्याबाई अर्धी भाकरी ताकात कुस्करून खायच्या. मग टोपलीत भाकरी घेऊन दुपारी शेतात जायच्या. जी बाई कहाणी ऐकायला बसेल तिच्या हातावर अर्धी भाकरी आणि वर ठेचा. निंदणाऱ्या बायका त्याची वाट पाहत. "आली रे आली ऐतवाराची माय," असा गलका व्हायचा. कुणी म्हणायचं, "माय, कहानी लांबव जराशी, तवरिक कंबर मोकळी होते." कुणी म्हणायचं, "कहानी थोडी सांग, भाकर मोठी दे." आत्याबाई त्यांना रागवायच्या आणि टोपली त्यांच्याकडेच सरकवायच्या. मी एकदा गेले होते तेव्हा सात-आठ बायका बाभळीखाली बसून ऐकत होत्या. तोंडं चालू, मान हलते आहे. मला तो प्रकार जरा गबाळा वाटला. व्रताची कहाणी आणि भाकरीचे घास एकाच वेळी.

मला लहानपणापासून टापटिपीची सवय. वह्यांना कव्हर, कपाटात साड्या रंगाप्रमाणे, पाढे असोत की कविता, क्रमाने. त्या श्रावणात माझ्या मनाने घेतलं की आत्याबाईंच्या कहाण्या लिहून ठेवायच्या. हेतू चांगला होता. दोनशे पानी वही आणली, समास आखला, निळी शाई. आत्याबाई शेंगा सोलत सांगायच्या आणि मी लिहायचे. त्यांचं 'मले-तुले' मी 'मला-तुला' केलं. मधेमधे येणारे शेजारणींचे उल्लेख गाळले. आणि जिथे ती बाई भाकरी खाते, तिथे माझं पेन थांबलं.

"आत्याबाई, तिने खाल्लं तर नेम मोडला. नेम मोडल्यावर देव प्रसन्न कसा होईल?"

"मले काय ठाव? माह्या सासूनं असंच सांगतलं."

"त्यांच्या ऐकण्यात चूक झाली असेल."

आत्याबाईंनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "असंन बाई," म्हणाल्या. "मी कोठी शाळा शिकली."

मी लिहिलं, 'ती उपाशीच बसली.' भाकरीचा सगळा भाग गेला. वाटसरूने भाकरी मागणंही गेलं, कारण देव भाकरी मागत नाही. कहाणी आता सरळ झाली. नेम, परीक्षा, फळ. पोरींना शिकवायच्या धड्यासारखी. मला तेव्हा ती फार सुबक वाटली, हे कबूल करायला हवं.

पुढच्या रविवारी गल्लीतल्या बायका ओसरीवर जमल्या. कुणी तरी म्हणालं, सूनबाईंनी वहीत उतरवली आहे म्हणे, त्यांनीच वाचू दे. मी वाचली. शाळेत वाचते तशी, शब्द सुटा, आवाज खणखणीत. "कशी पुस्तकावानी सांगते!" बायका म्हणाल्या. आत्याबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी मला विचारलं.

"मंग ते बाई खात नाही?"

"नाही आत्याबाई. नेमच आहे ना तसा."

"मंजे आमी इतके साल चुकीचंच केलं म्हनाचं."

मी हसून म्हटलं, "आता बरोबर करू." हे शब्द मला आजही ऐकू येतात. त्यात आवाजही माझा मास्तरणीचा आहे.

त्यानंतरच्या रविवारी आत्याबाईंनी सकाळची अर्धी भाकरी खाल्ली नाही. भाकरीची टोपलीही नेली नाही. कहाणीत भाकरीच राहिली नव्हती, तर वाटायची कशाला? त्या दिवशी मी घरी होते, मी सकाळीच बसून ऐकली, त्या जेवल्या. माझ्या काही लक्षात आलं नाही. उलट दहाच्या आत सगळं आटोपलं म्हणून बरं वाटलं.

तिसऱ्या रविवारी शाळेत पंधरा ऑगस्टच्या कवायतीची तालीम होती. "बारापर्यंत येते," असं सांगून मी पहाटे निघाले. तालीम लांबली. परतीची बस वाटेत बंद पडली. चालकाने बॉनेट उघडलं, प्रवासी उतरून निंबाखाली बसले, मी घड्याळ पाहत राहिले. मला तेव्हा काळजी होती ती दुसऱ्या दिवशीच्या पाठाच्या टाचणाची. घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते.

ओसरीवर बायका उभ्या होत्या. आत्याबाई खाटेवर. एक जण सुपाने वारा घालत होती. दुपारपर्यंत माझी वाट पाहून त्या शेतात गेल्या होत्या. पातीवरच्या बायकांना म्हणाल्या, बसा, कहाणी ऐका. मुकादम बांधावर होता, आणि या वेळी आत्याबाईंच्या हातात भाकरी नव्हती. बायका म्हणाल्या, "माय, थांब जराशी, पात लागू दे." एक पात संपली, मग दुसरी. आत्याबाई उन्हात धुऱ्यावर उभ्या राहिल्या, आणि तिथेच कोसळल्या. बैलगाडीत घालून आणलं. कुणी पाणी द्यायला गेलं, तर त्यांनी ओठ मिटून मान हलवली.

मला पाहून त्यांनी डोळे उघडले. "आली काय? बस. आयक पयले."

मी खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. तशीच खाली बसले. आणि आत्याबाईंनी कहाणी सांगितली. त्यांच्या तोंडून 'ती उपाशीच बसली' हे माझं वाक्य जसंच्या तसं आलं, 'उपाशीच'मधल्या 'च'सकट. पाठ केल्यासारखं. कधी पाठ केलं होतं कोण जाणे. मी ऐकत होते आणि माझ्या मनात एकच होतं की आता बोल. सांग त्यांना, हे मी लिहिलं, तुमच्या सासूने नाही. तुमचंच बरोबर होतं. पण ओसरीभर बायका होत्या, तुमचे आजोबा दारात उभे होते, आणि मी शाळेत शिकवणारी सून होते. कहाणी संपली. मी पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला लावला. बोलले नाही.

पुढेही बोलले नाही. आत्याबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. प्रत्येक श्रावणातला प्रत्येक रविवार त्यांनी माझ्या पद्धतीने केला, कुणी ऐकेपर्यंत उपाशी राहून. मी मात्र पुन्हा कधी रविवारी बाहेर गेले नाही, सकाळी सगळ्यात आधी त्यांच्यापुढे बसायचे. लोक म्हणायचे, सून किती करते. त्या गेल्यावर नेम माझ्याकडे आला, कुणी न सांगता. मी तो तसाच चालवला. चूक माझी होती, तर उपासही मीच करायला हवा, असा काहीसा माझा हिशोब असावा. शेतातल्या बायकांना भाकरी पुन्हा मिळाली नाही.

आता यंदाचं. दुसऱ्या रविवारी कहाणी झाल्यावर ओजसने विचारलं, "आजी, तुझा डिनर झाला?" मी म्हटलं, "आता जेवेन, कहाणी झाली ना." ईराने बोटांवर तास मोजले.

"वेट. म्हणजे सकाळपासून तू काहीच नाही खाल्लंस? आम्ही झोपलो होतो म्हणून?"

"अगं, नेम असतो तो. कहाणीतली बाईसुद्धा उपाशीच बसते ना?"

मला त्यात जरा अभिमानही वाटला, हे लपवत नाही. ईरा काही बोलली नाही. बारा वर्षांची मुलगी गप्प बसते तेव्हा काळजी करावी, हे इतकी वर्षं शाळेत काढून मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी तुमची पोहण्याची स्पर्धा होती. फोन होणार नव्हता. मी तुळशीपुढे कहाणी सांगितली. माणूस मिळणारच नसेल तर तुळस चालते, असं मीच अलीकडे ठरवून टाकलं होतं. चार वाजता जेवून घेतलं. सोमवारी सकाळी बाबाचा फोन आला. तुमच्याकडे अजून रविवारच होता.

"आई, तू ईराला काय सांगितलंस?"

त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. ईराने सकाळचं काही खाल्लं नव्हतं. गाडीत बाबाला म्हणाली, कहाणी ऐक. तो म्हणाला, रस्त्याकडे पाहू दे बेटा. ओजसच्या कानात हेडफोन. तिथे कोचला म्हणाली, तर ती म्हणाली, शर्यतीनंतर. डबा तसाच बंद. आणि पोरगी तशीच पाण्यात उतरली. शर्यतीच्या अर्ध्यात तिने तलावातला दोर पकडला आणि हलेना. दोघांनी बाहेर काढलं. थरथरत होती. काही झालं नाही, साखर-पाणी दिलं, बरी आहे आता. "पण ती म्हणते, आजी उपाशी राहते तर मीपण राहणार. अजून श्रावण संपायचाय म्हणे. आई, प्लीज, हे थांबव."

मी खुर्चीवर बसले. कोच, हेडफोन, गाडी. पाटलीण, विहीर, पात. कहाणीने तिथेही आपली माणसं शोधून काढली होती.

"तिला दे फोन," मी म्हटलं.

ईरा आली. आवाज बारीक. मी इकडचं तिकडचं बोलले नाही. तिला सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे ते. भाकरी, वाटसरू, वही, बस, खाट. आत्याबाईंची कहाणी त्यांच्याच बोलीत सांगितली, आठवेल तशी. इतक्या वर्षांत ती मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हणत होते. 'मले बी भूक लागली' हे मी दोनदा म्हटलं.

ईराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं.

"म्हणजे कहाणी तू बदललीस?"

"हो."

"आणि पणजीला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"धीर झाला नाही. मी शिकलेली होते ना. चुकले असं म्हणता आलं नाही."

"पण ती तर उपाशी राहिली. किती वर्षं?"

मी मोजून सांगितली नाहीत. ईरानेही पुन्हा विचारलं नाही. माफही केलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. मुलं लगेच माफ करतात म्हणतात, ते खरं नसतं.

मग ती म्हणाली, "आजी, प्रॉब्लेम झाला. मी लायब्ररीत शीट दिलंय."

तुमच्या लायब्ररीत सुट्टीतला वाचनाचा वर्ग असतो. त्यांनी घरची एक लोककथा लिहून आणायला सांगितली होती, आणि खाली तीन प्रश्न होते. या गोष्टीतली माणसं काय खातात? कशाला घाबरतात? त्यांना सगळ्यात जास्त काय हवं असतं? ईराने माझ्या कहाणीवरून उत्तरं लिहिली होती, ती तिने मला वाचून दाखवली. काही खात नाहीत. नियम मोडायला घाबरतात. कुणी तरी ऐकावं असं त्यांना वाटतं.

माझ्या माणसांबद्दल दुसऱ्या देशातल्या एका कागदावर असं लिहिलं गेलं होतं, की ती काही खात नाहीत. जी माणसं उन्हात कमरेत वाकून काम करत होती आणि अर्ध्या भाकरीसाठी देवाची कहाणी लांबवायला सांगत होती, ती. आणि त्या कागदात काही खोटं नव्हतं. मी सांगितलेल्या कहाणीचं ते बरोबर उत्तर होतं. कहाणी ज्या लोकांची, त्यांचं तोंड तिच्यात दिसतं म्हणतात. माझ्या कहाणीत उंद्री दिसतच नव्हती. दिसत होती ती कोऱ्या वहीचा समास आखणारी एक मुलगी, जिला नियम मोडायची फार भीती वाटायची.

"पहिलं उत्तर खोड," मी म्हटलं. "लिही, अर्धी भाकरी खातात. अर्धी देतात."

"दुसरं?"

"दुसरं तू विचार कर. मी आता काही सांगणार नाही."

"बरं. आणि संडेला?"

"संडेला तू आधी नाश्ता करायचा."

"आणि तू?"

इतक्या वर्षांचा नेम आहे. मोडताना काय वाटेल, हेच कळत नव्हतं. "मीपण," म्हटलं.

या रविवारी शोभाला मी सांगितलं, आज दोन भाकरी टाक आणि बैस. तिने माझ्याकडे पाहिलं. "काकू, बरं नाही काय तुमाले?" मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. ज्वारीची गरम भाकरी, मुगाची उसळ, वर तेल सोडलेला ठेचा. सकाळचे दहा वाजले होते. कहाणी न सांगताच मी पहिला घास खाल्ला, मग दुसरा. मी कहाणी काढणार होते, पण शोभाने तिच्या पोरीचं सांगायला सुरुवात केली. पोरगी नर्सिंगला बुलढाण्याला आहे, वसतिगृहाचं जेवण आवडत नाही म्हणून रडते. ती एवढं भरभरून बोलत होती की मी मध्ये पडले नाही. जेवून झाल्यावर मी रविवारच्या गोळ्या घेतल्या आणि आडवी झाले. इतकी गाढ झोप मला दिवसा कधी लागत नाही.

उठवलं ते फोनने. बाहेर ऊन तांबूस झालं होतं.

"आजी, मी दोन टोस्ट खाल्ले. तू?"

"मी भाकरी."

"मग सांग आता."

मी उठून बसायचा प्रयत्न केला. अंग जड होतं. "ईरा, आज तूच सांग. मी पडल्या पडल्या ऐकते. फार दमले गं मी."

तिने सुरुवात केली. तिचं मराठी असं, की क्रियापद सापडेपर्यंत वाक्य थांबून राहतं. तिच्या कहाणीतली बाई पायात बूट घालून निघाली. विहिरीवर न जाता स्विमिंग पूलवर गेली. बाभळीखाली बसून तिने भाकरी काढली आणि आधी नवऱ्याला फोन केला, की मी तुझं खाते आहे, तू घरी येऊन खा. रडली नाही. मग वाटसरू आला, तर तिनेच त्याला विचारलं, तुला कुणी विचारलं का, तू सकाळपासून काही खाल्लंस का?

एवढं ऐकताना माझ्या तोंडाशी चार वेळा दुरुस्ती आली. चारही वेळा मी गप्प राहिले. पाचव्यांदा काही आलंच नाही. तिचा आवाज लांब जात राहिला, आणि मला पुन्हा झोप लागली.

म्हणून तिच्या कहाणीत पुढे काय झालं ते मला माहीत नाही. ओजस, ती सांगत होती तेव्हा तू शेजारी बसला होतास, म्हणे. तुझ्या कानात काही नव्हतं, असंही बाबा सांगत होता. तर तू मला लिही, तो वाटसरू तिला काय म्हणाला.